कालचा बंडखोर, आजचा पहारेकरी

२००७च्या उन्हाळ्यात पश्चिम बगदादच्या अमिरिया वस्तीत अमेरिकन सैनिक आणि स्थानिक सुन्नी तरुण एकाच नाक्यावर पहारा देऊ लागले. त्या तरुणांपैकी कित्येकांनी काही महिन्यांपूर्वीपर्यंत याच सैनिकांच्या गाड्यांखाली स्फोटकं पेरली होती. सैनिकांना हे माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे तरुणांनाही माहीत होतं. तरी दोघांनी हातमिळवणी केली, आणि थोड्याच काळात अमिरियातले हल्ले झपाट्याने कमी झाले.

काट्याने काटा काढायचा हा प्रकार. परक्या मुलखात अडकलेल्या बहुतेक सैन्यांना कधी ना कधी हा मोह पडलेला आहे. फायदा लगेच दिसतो. किंमत काही वर्षांनी चुकवावी लागते, आणि ती बहुधा तिसराच कुणीतरी चुकवतो. हे समजून घ्यायला इराकसारखं उदाहरण नाही. तिथे हा प्रयोग एकदा साफ फसला, दुसऱ्यांदा सगळ्यांचे डोळे दिपतील इतका यशस्वी झाला, आणि मग त्या यशाचंच मातेरं झालं.

आधी हे बंडखोर आले कुठून?

मार्च २००३मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला आणि ९ एप्रिलला बगदाद पडलं. मे महिन्यात पॉल ब्रेमर हे अमेरिकेचे प्रशासक म्हणून तिथे पोचले आणि पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांनी दोन हुकूम काढले. पहिल्याने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून बाहेर काढलं. दुसऱ्याने इराकचं सैन्यच बरखास्त केलं. लाखो माणसं एका फटक्यात घरी बसली. त्यांना बंदूक चालवता येत होती, दारूगोळ्याची कोठारं कुठे आहेत हे ठाऊक होतं, आणि पगार बंद झाला होता. यातले सगळेच काही बंडखोर झाले नाहीत, पण बंडाला लागणारा अनुभव इथूनच आला. शिवाय या दोन्ही हुकमांचा घाव सुन्नी समाजावर जास्त बसला, कारण सैन्यातले अधिकारी आणि पक्षातले वजनदार लोक मोठ्या प्रमाणावर त्याच समाजातले होते.

त्यामुळे ज्याला आपण सरसकट ‘बंडखोर’ म्हणतो, त्यात खूप वेगवेगळे लोक होते: माजी लष्करी अधिकारी, टोळ्यांमधले तरुण, राष्ट्रवादी गट, धार्मिक गट, शंभर डॉलरसाठी रस्त्यात बॉम्ब पुरणारे बेकार. आणि या सगळ्यांच्या शेजारी अबू मुसाब अल-जरकावीची अल-कायदा, जिचं भांडण फक्त अमेरिकेशी नव्हतं, शियांशीही होतं. हे गट एकत्र लढत होते, पण एकजीव नव्हते. पुढची सगळी गोष्ट या फटीतून घडली.

आता हे कब्जा करणाऱ्या सैन्याच्या बाजूने पाहा. त्याच्याकडे रणगाडे आहेत, हेलिकॉप्टरं आहेत, पण समोरून चालत येणारा माणूस किराणा आणायला निघालाय की बॉम्ब ठेवायला, हे त्याला कळत नाही. भाषा येत नाही, चेहरे ओळखीचे नाहीत. माजी बंडखोराला मात्र गल्ली पाठ असते. कोणत्या घरात नवा पाहुणा आलाय, कोणत्या गॅरेजमध्ये रात्री दिवा असतो, सगळं त्याला ठाऊक. सैन्य विकत घेतं ते हे ज्ञान. बंदूक त्या मानाने किरकोळ गोष्ट.

फलुजाचा पहिला धडा

३१ मार्च २००४ला बगदादच्या पश्चिमेच्या फलुजा शहरात चार अमेरिकन खासगी सुरक्षारक्षकांना मारून त्यांतल्या दोघांचे मृतदेह पुलाला टांगले गेले. त्यावर अमेरिकेच्या मरीन सैन्याने शहरावर हल्ला चढवला, पण नागरिकांच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि कारवाई अर्ध्यावर थांबवावी लागली. माघार घेतली असं दिसू द्यायचं नाही आणि लढायचंही नाही, अशा कात्रीत सापडल्यावर एक तोडगा निघाला. शहर शहरातल्याच माणसांच्या हवाली करायचं. माजी इराकी अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘फलुजा ब्रिगेड’ उभी राहिली. नेमणूक इतकी घाईत झाली की सुरुवातीला पुढे आलेला जनरल सद्दामच्या रिपब्लिकन गार्डमधला होता. त्यावरून ओरड झाली आणि त्याच्या जागी दुसरा आणावा लागला.

ब्रिगेडमधल्या अनेकांनी एप्रिलमध्ये मरीनांवर गोळ्या झाडल्या होत्या. मे महिन्यात त्यांना रायफली, गाड्या आणि रेडिओ मिळाले. त्यांनी शहरातल्या जहाल गटांना हटवायचं होतं. पण हटवायचे म्हणजे कोणाला? आपल्याच भावाला, शेजाऱ्याला, आणि तेही परक्यांच्या सांगण्यावरून. असं कोणी का करेल? सप्टेंबरपर्यंत ब्रिगेड मोडीत निघाली. बरीच शस्त्रं आणि गाड्या बंडखोरांच्या हाती गेल्या, काही माणसंही त्यांच्याबरोबर गेली. नोव्हेंबरमध्ये मरीनांना तेच शहर पुन्हा लढून घ्यावं लागलं, आणि ती लढाई संपूर्ण इराक युद्धातली सगळ्यात रक्तरंजित ठरली.

फसण्याचं कारण साधं होतं. त्या लोकांकडे बाजू बदलायला कारणच नव्हतं. त्यांचा शत्रू अजून अमेरिकाच होती. नुसता पगार आणि गणवेश दिल्याने माणसाचा शत्रू बदलत नाही.

फ्रेंचांनी हाच धडा अर्धशतक आधी गिरवला होता. १९५६मध्ये अल्जीरियातल्या काबिली डोंगरात त्यांच्या गुप्तचरांनी स्वातंत्र्यसैनिकांविरुद्ध एक गुप्त स्थानिक दल उभारलं आणि त्याला शेकडो बंदुका दिल्या. ते दल पहिल्या दिवसापासून बंडखोरांचंच होतं. बंदुका घेऊन माणसं डोंगरात निघून गेली. एवढ्यावरही शहाणपण आलं नाही. पुढच्याच वर्षी मोहम्मद बेलूनिस या प्रतिस्पर्धी बंडखोर नेत्याला फ्रेंचांनी शस्त्रं दिली. त्याने खासगी सैन्य जमवलं, मुलूख आपल्या नावावर चालवायला सुरुवात केली, आणि १९५८च्या जुलैत फ्रेंचांनाच त्याला ठार करावं लागलं.

मग २००६मध्ये काय बदललं?

दोन गोष्टी बदलल्या, आणि दोन्ही अमेरिकेने घडवलेल्या नव्हत्या.

एक म्हणजे अल-कायदाने अन्बार प्रांतात स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. तस्करीच्या वाटा शेखांच्या हातून काढून घेतल्या, स्थानिक रीतीभातींवर बंदी आणली, आणि ऐकत नाही त्या शेखांना मारायला सुरुवात केली. ऑगस्ट २००६मध्ये प्रांताची राजधानी रमादीजवळ एका शेखाला मारून त्याचा मृतदेह लपवून ठेवला, म्हणजे वेळेत दफनसुद्धा होऊ दिलं नाही. टोळीच्या दृष्टीने यापुढे बोलणंच खुंटलं. दुसरी गोष्ट बगदादमध्ये घडली. २२ फेब्रुवारी २००६ला बगदादच्या उत्तरेच्या समारा शहरातली शियांची अल-अस्करी मशीद स्फोटाने उडवली गेली आणि शिया-सुन्नी कत्तल सुरू झाली. बगदादमधल्या वस्त्यांमागून वस्त्या सुन्नींच्या हातून जाऊ लागल्या. एका बाजूला शिया सशस्त्र गट, दुसऱ्या बाजूला आपल्याच नावाने लढणारी आणि आपल्यालाच चिरडणारी अल-कायदा. या दोघांच्या तुलनेत अमेरिकन बरे वाटायला लागले. निदान ते एक दिवस परत जाणार होते.

सप्टेंबर २००६मध्ये अब्दुल सत्तार अबू रिशा या तुलनेने लहान शेखाने रमादीत अल-कायदाविरुद्ध उघड आघाडी जाहीर केली. तिला ‘सहवा’, म्हणजे जागृती, म्हणतात. रमादीतले अमेरिकन कर्नल शॉन मॅकफार्लंड यांनी तिला पाठबळ दिलं. अबू रिशाच्या जुन्या उद्योगांबद्दल बरंच बोललं जायचं, पण मॅकफार्लंड यांनी त्या चौकशीत वेळ घालवला नाही. मे २००७च्या अखेरीस अमिरियात ‘इस्लामिक आर्मी’ या बंडखोर गटातला अबू आबेद अल-कायदाशी भिडला. त्याचं तिथल्या अमेरिकन अधिकाऱ्याला पहिलं सांगणं होतं की तुम्ही मध्ये पडू नका. नंतर मात्र दारूगोळ्यासाठी त्याला त्यांच्याकडेच यावं लागलं.

इराकमधल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख जनरल डेव्हिड पेट्रेयस यांनी २००७मध्ये ही स्थानिक तडजोड देशभर पसरवली. २००८पर्यंत जवळपास एक लाख माणसं या दलांत होती. बहुतेक सुन्नी, साधारण पाचवा हिस्सा शिया. सगळेच माजी बंडखोर नव्हते, पण पुष्कळ होते.

करार नेमका कसा होता

इथे थोडं थांबून बारकाईने बघायला हवं, कारण धोका या तपशिलात आहे.

अमेरिका सांगत राहिली की आम्ही यांना शस्त्रं देत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरंचसं खरं होतं. इराकी घराला एक एके-४७ ठेवायची मुभा होतीच, माणसं आपली बंदूक घेऊनच यायची. अमेरिका देत होती महिना साधारण ३०० डॉलर, अंगावर चढवायला एक चमकता पट्टा, आणि नाक्यावर उभं राहण्याचा हक्क. त्याला शस्त्र देणं म्हणायचं नाही, हे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं झालं. काल ज्या बंदुकीसाठी माणूस पकडला गेला असता, तीच बंदूक आज परवानगीची झाली, हा बदल शंभर नव्या रायफलींपेक्षा मोठा होता.

भरतीच्या वेळी माणसाच्या बोटांचे ठसे घ्यायचे, डोळ्याच्या बुबुळाचा फोटो काढायचा, बंदुकीचा नंबर लिहून घ्यायचा. मग पैसे? ते थेट माणसाला नाही. करार शेखाशी किंवा गटप्रमुखाशी, अमुक रस्ता, अमुक माणसं, अमुक महिने. रोकड त्याच्या हातात, आणि पुढे कोणाला किती पोचलं हे त्याच्या मर्जीवर. २०११मध्ये इराक पुनर्बांधणीच्या अमेरिकन महानिरीक्षकांनी हिशेब तपासला तेव्हा या योजनेवर लष्करी निधीतून सुमारे ३७ कोटी डॉलर गेलेले आढळले, आणि पैशांवरची देखरेख कच्ची होती असा शेराही मिळाला.

म्हणजे निष्ठा विकत घेतली गेली ती देशाशी नाही, सैन्याशीही नाही. साखळी अशी: तरुण शेखाशी बांधलेला, शेख अमेरिकन कॅप्टनशी बांधलेला, आणि कॅप्टन वर्षा-सव्वा वर्षात बदलून जाणारा. शिया पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांचं इराकी सरकार या साखळीत कुठेच नव्हतं. कायद्याच्या भाषेत कब्जा २८ जून २००४ला संपला होता आणि इराक सार्वभौम होता. पण दीड लाखाहून जास्त परकी सैनिक देशात असताना हे सार्वभौमत्व किती खरं, हा प्रश्न सरकारला रोज सतावत होता. त्यात आता राजधानीच्या वस्त्यावस्त्यांत परक्यांच्या पगारावरची हत्यारबंद माणसं. मलिकींना ते आवडलं नाही यात नवल ते काय?

फायदा मात्र खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. २००७मध्ये इराकमध्ये ९०० हून जास्त अमेरिकन सैनिक मेले, २००८मध्ये ३१४. इराकी नागरिकांचे मृत्यूही झपाट्याने उतरले. यात जादा आणलेल्या सुमारे ३० हजार सैनिकांचा वाटा किती, सहवाचा किती, आणि बगदादच्या मिश्र वस्त्या तोवर रिकाम्या होऊन गेल्या होत्या याचा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. माझ्या मते सहवाशिवाय नुसत्या जादा सैन्याने हे जमलं नसतं, कारण माहितीच मिळाली नसती.

धोका कुठून सुरू होतो

सगळ्यात आधी लोकांना भीती वाटते ती दगाबाजीची, आणि घुसखोर सहवातही शिरलेच. अबू रिशा स्वतः १३ सप्टेंबर २००७ला घराजवळच्या स्फोटात मारला गेला. राष्ट्राध्यक्ष बुश यांना भेटून त्याला दहाच दिवस झाले होते. पण दगाबाजी हा धोका त्या मानाने सांभाळता येतो, कारण सगळ्यांचं लक्ष त्याच्यावरच असतं.

दुसरा धोका नाक्यावरचा. ज्याच्या हातात नाका, त्याच्या हातात वस्ती. काही गटप्रमुखांनी दुकानांकडून पैसे उकळले, जुन्या वैरांचे हिशेब चुकते केले, पकडलेल्यांना मारहाण केली. कब्जा करणाऱ्या सत्तेवर मुलखातली सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी असते, हे १९०७च्या हेग नियमांपासून मान्य आहे. पगार तुमचा असेल तर ‘ती आमची माणसं नाहीत’ असं म्हणता येत नाही. आणि ज्या घरातला मुलगा या माजी बंडखोरांच्या बॉम्बने गेला, त्या घराने आता त्याच माणसाला ओळखपत्र दाखवून पुढे जायचं. या घरांना कोणी विचारलं नव्हतं.

शस्त्रं हातोहात पसरतात, हे तर ओघानेच आलं. तेही फक्त बंडखोरांमुळे होत नाही. २००४-०५मध्ये खुद्द इराकी सुरक्षा दलांना दिलेल्या सुमारे १ लाख ९० हजार रायफली आणि पिस्तुलांचा नीट हिशेब लागत नाही, असं अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेच २००७मध्ये सांगितलं होतं.

पण खरा घात झाला तो वचनात. सहवाच्या लोकांना सांगितलं गेलं होतं की साधारण २० टक्क्यांना पोलीस-सैन्यात घेऊ आणि बाकीच्यांना इतर सरकारी कामं देऊ. वचन अमेरिकेचं, पाळायचं मलिकींनी. १ ऑक्टोबर २००८ला बगदादमधल्या पन्नास हजारांहून जास्त लोकांचा पगार आणि ताबा इराकी सरकारकडे गेला, पुढच्या वसंतापर्यंत बाकीच्या प्रांतांतलाही. त्यानंतर पगार रखडू लागले. नोकऱ्या मिळाल्या त्याही बहुधा सुरक्षा दलांत नाही, कुठे शिपाई तर कुठे सफाई कामगार. काल नाका सांभाळणाऱ्या माणसाला आज एखाद्या कचेरीत झाडू मारायला सांगितलं, तर तो काय म्हणेल? २८ मार्च २००९ला बगदादच्या फदल भागातल्या सहवाप्रमुखाला सरकारने अटक केली आणि त्याच्या माणसांची इराकी सैन्याशी रस्त्यावर चकमक झाली. अमेरिकन सैनिक त्या दिवशी सरकारच्या बाजूने उभे होते. अबू आबेद तर त्याआधीच, २००८मध्ये, जॉर्डनला निघून गेला होता.

गरज सरो, वैद्य मरो. फक्त इथे वैद्याची नोंद दोन ठिकाणी होती. सरकारकडे त्याच्या बोटांचे ठसे, नाव, पत्ता, बंदुकीचा नंबर. आणि अल-कायदाकडे त्याचा चेहरा, कारण वर्षभर तो चमकता पट्टा घालून भर चौकात उभा होता. जुन्या साथीदारांच्या लेखी तो गद्दार. १८ जुलै २०१०ला बगदादच्या नैर्ऋत्येला रदवानियात थकलेला पगार घ्यायला सहवाची माणसं रांगेत उभी होती. आत्मघाती हल्लेखोर त्या रांगेत शिरला, चाळीसहून जास्त माणसं गेली. ते साल आणि पुढची काही वर्षं घरात शिरून, गाडीखाली बॉम्ब लावून, एकेकाला टिपून मारणं चालू राहिलं.

डिसेंबर २०११मध्ये शेवटचे अमेरिकन सैनिक गेले, आणि त्याच आठवड्यात सुन्नी उपराष्ट्राध्यक्ष तारिक अल-हाशिमी यांच्यावर अटक वॉरंट निघालं. २०१३च्या अखेरीस रमादीतला सुन्नी आंदोलकांचा तळ सरकारने उठवला. जानेवारी २०१४मध्ये फलुजा आणि १० जूनला मोसूल, इराकमधल्या अल-कायदातूनच पुढे आलेल्या इस्लामिक स्टेटच्या हाती गेलं. माजी सहवांपैकी काही त्यांना जाऊन मिळाले, बरेच हात बांधून बसले, काही शेवटपर्यंत लढले. हीत शहराजवळची अल्बू निम्र टोळी लढणाऱ्यांतली. तिने महिनोन्‌महिने मदत मागितली. ऑक्टोबर २०१४मध्ये तिचा बचाव कोसळला आणि टोळीतल्या शेकडो माणसांना ओळीत उभं करून मारलं गेलं.

मग हे कधी जमतच नाही का?

जमतं, पण अटी वेगळ्या असतात. ओमानच्या धोफार प्रांतात १९७०नंतर सुलतान काबूस यांनी शरण आलेल्या बंडखोरांची ‘फिरकत’ नावाची पथकं उभी केली. प्रशिक्षण ब्रिटिशांचं, पण पगार सुलतानाचा. पहिलं पथक वेगवेगळ्या टोळ्या मिसळून केलं होतं, ते काही महिन्यांत फुटलं. मग टोळीनिहाय पथकं झाली आणि टिकली. १९७५च्या अखेरीस युद्ध संपल्याचं जाहीर झालं, तरी फिरकतचे पगार चालू राहिले. वचन देणारा आणि पाळणारा एकच होता, आणि तो कुठे निघून जाणार नव्हता.

चेचन्यात रशियाने वेगळी वाट धरली. पहिल्या युद्धात रशियाविरुद्ध असलेले मुफ्ती अखमद कादिरोव यांना फोडून २००३मध्ये अध्यक्ष केलं. ते २००४मध्ये मारले गेले, आणि पुढे सत्ता त्यांचा मुलगा रमझान यांच्या हाती गेली. माजी बंडखोरांना इथे वाऱ्यावर सोडलं नाही, उलट सगळा प्रांतच त्यांच्या हवाली केला. रशियाचा बंडाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. अपहरणं, छळ आणि गुप्त कोठड्यांची किंमत मोजली ती साध्या चेचेन नागरिकांनी. मी याला यश म्हणणार नाही, पण लष्करी हिशेबात ते यशाच्या रकान्यात धरलं जातं, हे लक्षात ठेवावं.

मोसूल गेल्यावर अमेरिका पुन्हा अन्बारच्या शेखांकडे वळली. या वेळी बाहेरून पगार देण्याऐवजी प्रांतवार ‘नॅशनल गार्ड’ उभारायचा विचार होता, म्हणजे सुन्नी माणसांना इराकी कायद्यानेच हत्यार, पगार आणि निवृत्तिवेतन मिळालं असतं. फेब्रुवारी २०१५मध्ये इराकी मंत्रिमंडळाने त्या विधेयकाला मंजुरी दिली. संसदेत ते अडकलं आणि अडकूनच राहिलं. नोव्हेंबर २०१६मध्ये संसदेने कायदा केला तो ‘हश्द अल-शाबी’साठी, ज्यात बहुसंख्य शिया सशस्त्र गट आहेत. सुन्नी टोळ्यांची पथकं त्याच छत्राखाली, दुय्यम जागी बसवली गेली.